पासपोर्ट नाही, तरी परदेश: खाप्याहून लुंबिनीला आम्ही दोघी



आम्ही दोघी खाप्याच्या. एकीचं शिवणकाम, दुसरीचं घराच्या ओट्यावरचं लहानसं दुकान. दोघी एकाच बचत गटात, बारा वर्षांपासून. मागच्या माघात आम्ही सात दिवस नेपाळला जाऊन आलो. सोबत ना नवरा, ना मुलगा, ना कोणती यात्रा कंपनी. परत आल्यापासून एकच प्रश्न सतरा वेळा ऐकला आहे, "दोघीच गेल्या का वं? अन् पैसा किती लागला?" घरोघरी सांगत बसण्यापेक्षा रेडिओवरच सांगून टाकू म्हटलं.

ठरलं कसं ते आधी. दुकानवालीची आई गेल्या पावसाळ्यात वारली. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा ही आई दोन वर्षांची, तिच्या आईच्या कडेवर होती. तिला जन्मभर एकच वाटायचं की लुंबिनी पाहावी, बुद्ध जन्मले ती जागा. नागपूरहून बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी अशा यात्रेच्या बस जातात, पण तेवढे पैसे कधी एका वेळी जमले नाहीत, आणि जमले तेव्हा गुडघे चालेनात. सोमवारी गटाची बैठक संपली. आम्ही दोघी सतरंजी गुंडाळत होतो. दुकानवाली सहज म्हणाली, "माय गेली, अन् मी बी अशीच जाईन." शिवणवाली म्हणाली, "मंग चाल ना, जाऊन येऊ." "कधी?" "लग्नसराईचे ब्लाउज यायच्या आधी. ह्याच आठवड्यात." तिच्या घरी पांडुरंग आहे, बुद्धाचा फोटो नाही. पण मैत्रीण चालली म्हणून ती निघाली.

गुरुवारी आम्ही गाडीत बसलो होतो.

घरी काय झालं तेही ऐका, कारण खरी सीमा तिथंच असते. शिवणवालीचे मालक म्हणाले, "नेपाळ का सावनेरच्या बाजूले आहे का?" त्यांचं अर्धं बरोबर होतं. सावनेरच्या बाजूला नसलं तरी नेपाळ आपल्याला वाटतं तेवढं दूरही नाही. दुकानवालीच्या मुलानं पहिलं विचारलं, "पासपोर्ट?" त्याचं उत्तर आम्हालाही तेव्हा पक्कं माहीत नव्हतं.

तर ते समजून घ्या. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली मैत्रीचा करार झाला. तेव्हापासून दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात जायला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट असला तर उत्तम, नसला तर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र चालतं. आता कान देऊन ऐका. आपण सगळीकडे आधार कार्ड पुढे करतो, पण नेपाळला जाण्यासाठी आधार हा धरलेला कागद नाही. फक्त ६५ वर्षांवरच्या आणि १५ वर्षांखालच्या लोकांना आधार, रेशन कार्ड, पॅन कार्ड असा फोटो आणि वय दाखवणारा कागद चालतो. आपण मधल्या वयाच्या, म्हणजे मतदान कार्डच. झेरॉक्स नव्हे, मूळ कार्ड.

आणि इथंच शिवणवालीच्या पोटात गोळा आला. तिचं मतदान कार्ड माहेरच्या नावाचं निघालं. काटोलकडच्या गावातलं, एकोणीस वर्षांच्या पोरीचा फोटो, दोन वेण्या. लग्नाला चोवीस वर्षं झाली. आधार, रेशन, बँक, गटाचं रजिस्टर, सगळीकडे सासरचं नाव. एवढं एक कार्ड तेवढं माहेरी राहून गेलं होतं. दुकानवालीनं विचारलं, "मंग तू मत कुठं टाकते वं?" ती गप्प. पुढं म्हणाली, "कोणी नेलंच नाही. मी बी विचारलं नाही." चोवीस वर्षांत ग्रामपंचायत नाही, नगरपरिषद नाही, आमदार नाही, खासदार नाही.

तेवढ्या तीन दिवसांत नवं कार्ड मिळणं शक्य नव्हतं. आम्ही जुनं मूळ कार्ड, आधार आणि सासर-माहेर दोन्ही नावं जोडणारा कागद, म्हणजे लग्नाच्या नोंदणीचा दाखला, असं तिन्ही एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं. दाखला होता हे नशीब. तुमच्यापैकी किती जणींकडे आहे, आज घरी जाऊन पेटीत बघा.

आता पैशाचं. गटातून कर्ज काढायचं का, यावर आमच्या दोघींत थोडी वादावादी झाली. दुकानवाली म्हणत होती, गट आपला, व्याज आपल्यालाच येते. शिवणवालीचं म्हणणं वेगळं होतं. फिरायला घेतलेला पैसा दर महिन्याला परत करताना टोचतो, आणि उद्या कोणाच्या दवाखान्याला कमी पडला तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही. शेवटी गटाला हात लावला नाही. तिच्याकडे पिको-फॉलचे साठवलेले होते. हिनं दुकानातली तेलाची खरेदी पंधरा दिवस पुढं ढकलली. दोघींनी प्रत्येकी ८,००० घेतले. त्यातले ३,००० आतल्या खिशात शिवून टाकले, हे आपले परत आणायचे म्हणून. शिवणवाली सोबत असल्याचा तो फायदा.

खाप्याहून नागपूरला एसटी. महामंडळाच्या बसमध्ये बायांना अर्धं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून, ते तुम्हाला माहीतच आहे. नागपूरहून गोरखपूरला थेट गाड्या आहेत. राप्तीसागर एक्सप्रेस ही त्यातली एक, पण ती रोज नसते, म्हणून आधी वार बघायचा. अचानक निघालो म्हणून तत्काळ तिकीट घ्यावं लागलं. स्लीपरचं तत्काळ आदल्या दिवशी सकाळी ११ ला सुटतं आणि काही मिनिटांत संपतं. त्यामुळे जातानाचं तिकीट आम्हाला ८०० च्या घरात पडलं, येतानाचं साडेसहाशेच्या आत. तुम्ही महिना-दोन महिने आधी काढलं तर दोन्हीकडून साधाच दर लागेल. लांबच्या गाड्यांत स्लीपरच्या डब्यात बायांसाठी सहा जागांचा वेगळा कोटाही असतो. एकट्या बाया किंवा नुसत्या बायांचा जमाव असेल तर खिडकीवर तो मागायचा. सांगितल्याशिवाय कोणी देत नाही. गाडीत कोणाचा त्रास झाला तर १३९ हा रेल्वेचा नंबर. आम्हाला लागला नाही. एका आजीनं आमच्याकडची संत्री खाऊन आम्हाला अख्खी रात्र तिच्या सुनेची कहाणी सांगितली, त्रास म्हणाल तर तेवढाच.

जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र गाडीत जाते. गोरखपूरचा प्लॅटफॉर्म १,३६६ मीटर लांब आहे, जगातल्या सगळ्यात लांब प्लॅटफॉर्मपैकी एक. आमचा डबा नेमका दूरच्या टोकाला लागला. बॅगा डोक्यावर घेऊन चालताना ही लांबी पायांना कळली.

गोरखपूरहून सोनौलीला बस मिळते, साधारण शंभर किलोमीटर. सोनौली म्हणजे आपल्या बाजूचं शेवटचं गाव. रस्त्यावर एक मोठी कमान, आपल्या गावच्या प्रवेशद्वारासारखी. अलीकडे भारत, पलीकडे नेपाळ, मधून सायकलवाले, भाजीवाल्या, ट्रक, शाळेची पोरं. आम्हाला वाटलं होतं परदेश म्हणजे काही तरी वेगळं सुरू होईल. तिकडेही तसेच भज्यांचे गाडे होते. फक्त पाट्या बदलल्या, आणि त्याही आपल्याच देवनागरीत, त्यामुळे वाचता येत होत्या.

या सीमेवर आपल्याकडून सशस्त्र सीमा बलाचे जवान असतात. दुकानवालीचं कार्ड बघून लगेच जाऊ दिलं. शिवणवालीचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं गेलं. नाव विचारलं. तिनं सवयीनं सासरचं सांगितलं. कार्डावर वेगळं. मग वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, जिल्हा. हा फोटो तुमचा कशावरून? आता यावर काय बोलणार बाई? तिला दरदरून घाम. आम्हाला बाजूला थांबवलं. चूक आमचीच होती, त्यांचं कामच ते आहे. अर्धा तास उभ्या होतो. दुकानवाली हळूच म्हणाली, "तुले नाही जाऊ दिलं तं मी बी नाही जात." आई डोळ्यांपुढं असताना ती हे बोलली. ते शिवणवाली विसरणार नाही. मग लग्नाचा दाखला काढून दाखवला, त्यावर दोन्ही नावं होती. आत गेलो.

तिथं उभं असताना आणखी एक गोष्ट पाहिली. पलीकडून भारतात येणाऱ्या पोरींना काही बाया थांबवून विचारत होत्या. कुठं चालली, सोबतचा माणूस कोण, घरी माहीत आहे का. नेपाळमधून पोरींना नोकरीचं, लग्नाचं आमिष दाखवून आपल्या देशात आणून विकतात. ते थांबवायला तिकडच्या संस्थांच्या बाया सीमेवर बसतात. त्यातली माइती नेपाळ ही संस्था अनुराधा कोइराला यांनी १९९३ मध्ये सुरू केली. नेपाळीत 'माइती' म्हणजे माहेर, माहेरची माणसं. खुली सीमा आपल्याला सोयीची, आणि त्याच खुल्या सीमेतून हाही धंदा चालतो. म्हणून आम्ही एक नियम पाळला, तुम्हीही पाळा. कोणाची पिशवी, कोणाचं पार्सल, "जरा त्या बाजूला नेऊन द्या ताई" असं म्हणून दिलं तरी हातात घ्यायचं नाही. कितीही गरीब चेहरा असो.

आता रुपयांचा हिशेब, कारण फसगत इथंच होते. आपला १ रुपया म्हणजे त्यांचे १ रुपया ६० पैसे. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. सोपं गणित असं की त्यांचे ८ म्हणजे आपले ५. कोणी ८० सांगितले तर आपले ५०, १६० सांगितले तर आपले १००. दुकानदार भाव सांगतो तेव्हा विचारायचं, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे भारतीय पैसे, एनसी म्हणजे नेपाळी. पहिल्याच चहाला आम्ही हे विचारलं नाही आणि नेपाळी भावाचे भारतीय पैसे मोजून दिले. चहावाल्यानंही घेतले. दुकान चालवणारी बाई आमच्यात, आणि तीच फसली! नंतर दोन दिवस ती प्रत्येकाला दटावून विचारत होती.

नोटा शंभरच्या न्या. मोठ्या नोटांचे नियम तिकडे बदलत आले आहेत. २०१८ मध्ये तर नेपाळनं शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदीच घातली होती. शंभराची नोट सीमेजवळच्या भागात सगळे घेतात. उरलेले नेपाळी पैसे मात्र सीमा ओलांडायच्या आधी बदलून घ्या, इकडे ते कोणी घेत नाही.

सीमेपलीकडे बेलहिया, तिथून चार-पाच किलोमीटरवर भैरहवा. कागदोपत्री त्याचं नाव सिद्धार्थनगर. भैरहव्याहून लुंबिनीला लहान बस जातात. बसमधल्या बायांनी आम्हाला जागा करून दिली. "बस्नुस्, दिदी." आम्ही बसलो. 'बसा'ला 'बस्नुस्', 'किती'ला 'कति', भाताला भातच. दोन दिवसांत आम्ही बाजार करण्याइतकं बोलू लागलो होतो.

मुक्कामाचं सांगतो. लुंबिनीच्या परिसरात निरनिराळ्या देशांनी बांधलेले विहार आहेत. मधून एक लांब कालवा, एका बाजूला थेरवादी देशांचे, दुसऱ्या बाजूला महायानी देशांचे. थायलंड, म्यानमार, श्रीलंका, चीन, जर्मनी, प्रत्येकाचा थाट वेगळा. या साऱ्या जागेचा आराखडा जपानच्या केन्झो टांगे यांनी केला, १९७८ मध्ये तो मंजूर झाला. काही विहारांत यात्रेकरूंना थोड्या पैशात राहायला आणि साधं जेवायला मिळतं, कोरियाच्या विहाराची अशी सोय तर पुष्कळ वर्षांपासून आहे. आम्हालाही एका विहारात जागा मिळाली. तीन रात्री, जेवणासकट, एकीला ९०० रुपये. जमिनीवर गादी, मच्छरदाणी, स्वच्छ संडास. बायांची खोली वेगळी. ताट आपण घासायचं. तिखट काही नाही. आम्ही घरून ठेचा नेला होता, तो तिसऱ्या दिवशी दोन परदेशी पोरींनी संपवला.

मायादेवी मंदिर सकाळी पाहिलं. चप्पल बाहेर, आत फोटो काढायला बंदी.  जुन्या विटांचे पाये आहेत, वरून लाकडी वाट केली आहे, आणि एका ठिकाणी काचेखाली एक दगड. जन्माची जागा ती. बाहेर अशोकाचा खांब. सम्राट अशोक राज्याच्या विसाव्या वर्षी इथं आला, त्यानं पूजा केली, खांब उभारला आणि इथं बुद्ध जन्मले म्हणून लुंबिनी गावाचा कर माफ करून पिकाचा फक्त आठवा वाटा घ्यायचा, असं त्यावर ब्राह्मी लिपीत कोरलं आहे. बावीसशे वर्षांहून जुना लेख. तो १८९६ मध्ये पुन्हा लोकांपुढं आला आणि त्यावरून ही जागा नक्की झाली. १९९७ पासून ती जागतिक वारशात आहे. आम्हाला त्या लेखातलं कराचंच फार आवडलं. मोठी माणसं गावाला भेट देऊन जातात, पण कर कमी करून जाणारा विरळाच.

दुकानवाली आईची एक जुनी लुगड्याची पट्टी घेऊन आली होती, पांढरी. ती तिथं ठेवायची नव्हती, नुसती न्यायची होती. पिंपळाखाली ती पट्टी मांडीवर घेऊन तासभर बसली. शिवणवाली बाजूला बसून राहिली. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही.

तिथंच नागपूरकडची आणखी माणसं भेटली, बुलढाण्याची भेटली. एक गुरुजी सांगत होते, दीक्षेनंतर महिनाभरातच, नोव्हेंबर १९५६ मध्ये, बाबासाहेब तब्येत बरी नसताना काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते आणि तिथं बुद्ध आणि मार्क्स यांच्यावर बोलले होते. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ६ डिसेंबरला, ते गेले. आम्हाला काठमांडू करायचं होतं, पण भैरहव्याहून तिकडे घाटातली दिवसभराची बस आहे आणि आमच्याजवळ तेवढे दिवस नव्हते. सोडलं.

परतीच्या संध्याकाळी गोंधळ झाला. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढं असतं. आमच्या हातातली घड्याळं खाप्याच्याच वेळेवर. शेवटच्या बसला वेळ आहे म्हणून एक चहा घेतला, आणि पोचलो तर बस गेलेली. अंधार पडत होता. एक जीपवाला तयार होता, पण आत पाच पुरुष, बाई एकही नाही. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि नाही म्हटलं. विहारात परत गेलो, ती तिसरी रात्र. त्यात कुशीनगर हुकलं, दुसऱ्या दिवशी तिथं जायचा बेत होता. त्याची चुटपुट अजून आहे, पण जीपमध्ये न बसल्याची नाही.

त्या रात्री घरच्यांचीही घाबरगुंडी उडाली. आपलं सिम तिकडे रोमिंग घेतल्याशिवाय चालत नाही. आम्ही विहारातल्या एका पोरीच्या फोनवरून घरी कळवलं, पण नऊ वाजून गेले होते. तुम्ही जाल तेव्हा निघायच्या आधी रोमिंगचं छोटं पॅक घ्या, पैसे वाचवायची ही जागा नव्हे. नंबर कागदावर लिहून ठेवा, फोन बंद पडला की पाठ असलेला एकही नंबर आठवत नाही. नेपाळात पोलिसांचा नंबर १००, आणि बायांसाठी तिथल्या महिला आयोगाचा ११४५.

औषधं सात दिवसांची नव्हे, दहा दिवसांची न्या. डिसेंबर-जानेवारीत गोरखपूरकडे धुकं पडतं, गाड्या कितीही उशिरा येतात. छटपूजेच्या दिवसांत त्या बाजूच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. मे महिन्यात तराईतलं ऊनही कडक असतं. माघ-फाल्गुन बरा.

खर्च एकीचा ४,७००, दुसरीचा ५,१००. हा फरक कापडाचा. भैरहव्यात पाल्पाकडचं ढाका कापड मिळतं, हातमागावरचं. शिवणवालीची सासू खाप्यात मागावर बसलेली बाई. कापड बोटांत धरून सुनेनं ताणा-बाणा मोजला, उलटी बाजू पाहिली, आणि भाव न करताच घेतलं. सासूबाईंनी ते घरी दोन दिवस मांडीवर घेऊन पाहिलं. शिवून झालेलं नाही अजून, कापायला हात धजत नाही म्हणते.

आणि खिशात शिवलेले ३,००० तसेच परत आले. दुकानात तेल भरलं.

गटातल्या सहा जणी आता पुढच्या माघात जायचं म्हणतात. आम्ही त्यांना पहिली मतदान कार्डं आणायला लावली. सहापैकी दोघींची माहेरचीच निघाली, एकीचं हरवलेलं. नाव, पत्ता, फोटो दुरुस्त करायला किंवा हरवलेलं कार्ड पुन्हा घ्यायला फॉर्म ८ असतो. तो आपल्या भागाच्या मतदान केंद्र अधिकाऱ्याकडे, म्हणजे बीएलओकडे, नाही तर मोबाइलवरूनही भरता येतो. चौघींनी मिळून, म्हणजे त्या तिघी आणि आमची शिवणवाली, एकाच दिवशी फॉर्म भरले. नव्या फोटोसाठी ती साडी बदलून गेली होती. कार्ड अजून आलेलं नाही.